हत्ती घारापुरीचा, पत्ता भायखळ्याचा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला एक दगडी हत्ती उभा आहे. पेंग्विन बघायच्या घाईत असलेली पोरं त्याच्यापाशी फारशी थांबत नाहीत. थांबून जवळून पाहिलं, तर अंगावरचे सांधे दिसतात. कधीकाळी याचे तुकडे झाले होते आणि कुणीतरी चिकाटीनं ते पुन्हा जुळवले, हे समजायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

हा हत्ती मुंबईचा नव्हेच. तो उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटाचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज त्या बेटावर उतरले, तेव्हा तो राजबंदराच्या धक्क्यापासून थोड्याच अंतरावर उभा होता. त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. युनेस्कोनं १९८७ मध्ये तिथली लेणी जागतिक वारसा यादीत घेतली, तीही याच नावानं. सोमवार सोडला तर रोज गेटवेहून लाँचा भरभरून माणसं हत्तीच्या नावाच्या बेटावर जातात आणि तिथं हत्तीच नसतो. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही, कारण तिथं हत्ती होता हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे. मूळ हत्तीवरून साचा घेऊन त्याच मापाचा ब्राँझचा हत्ती ओतावा आणि तो राजबंदरावर बसवावा. उरणच्या लोकप्रतिनिधींनी आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्यानं मनावर घेतलं, तर काम अवघड नाही. पुतळ्यांवर आपल्याकडे जो खर्च होतो आणि ज्या चढाओढीनं होतो, ते पाहता खर्चाचं कारण कुणी पुढे करू नये.

आधी हत्तीवर काय काय गुदरलं ते पाहू. कॅप्टन पाईक नावाच्या इंग्रजानं १७१२ मध्ये बेटावर जाऊन त्याचं चित्र काढलं. तेव्हा हत्ती धड होता. लांबी साधारण तेरा फूट, उंची सात फुटांहून थोडी जास्त. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली आणि पुढे धडही कोसळलं. १८६४ मध्ये तो बेटावरून हलवण्यात आला. त्याला इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना तो पडला आणि फुटला, असं सांगितलं जातं. एवढं खरं, की तो बोटीनं विलायतेला गेला नाही, तुकड्यांच्या रूपात भायखळ्याच्या बागेत आला. ती बाग तेव्हा नुकतीच तयार झालेली व्हिक्टोरिया गार्डन्स होती. तिथं हे तुकडे कित्येक वर्षं नुसते पडून होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आज जो दिसतो तो हाच.

घारापुरीचं एवढंच गेलेलं नाही. लेण्यातली एक कोरीव लेखाची शिळा पोर्तुगीजांनी उचलून लिस्बनला नेली, असं पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय. पुढे ती कुणाच्या हाती लागली नाही, म्हणून लेणी नेमकी कुणी खोदली यावर अजून वाद घालता येतो. बेटावर एक दगडी घोडाही होता. सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी त्याचं वर्णन केलंय, नंतरच्या वर्णनांतून तो नाहीसा होतो. पहारेकऱ्यांपैकी जागेवर राहिले ते मोठ्या लेण्याच्या पूर्वेकडच्या अंगणातले सिंह. तिथल्या देवळाच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना ते बसलेले आहेत. सदाशिवाची भव्य मूर्ती पाहून माणसं परतीची लाँच गाठायला वळतात आणि या सिंहांच्या वाट्याला फार थोडे डोळे येतात.

दारात जनावर बसवायची रीत आपल्याकडे नवी नाही. देवळात शिरताना आधी नंदी भेटतो, मग जमिनीतलं कासव, मग उंबऱ्यावरचं कीर्तिमुख. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो. उरणच्याच रायगड जिल्ह्यात मुरुडच्या जंजिऱ्याच्या दरवाजावर एका शरभानं पंजांत आणि शेपटीत हत्ती जखडून ठेवलेत. समुद्रातून येणाऱ्याला सिद्दीची ताकद किती ते बोटीतूनच कळावं, हा त्याचा हेतू. इंग्रजांनी मुंबईत तेच केलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं बांधलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह बसवला आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. स्थानकाचं नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं, पण ही दोन जनावरं जागची हलली नाहीत. रोज लाखो माणसं त्यांच्याखालून लोकल पकडायला धावतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारी इमारती सपाट झाल्या आणि दारं मुकी झाली. अलीकडे ही हौस परत आलेली दिसते. दिल्लीच्या नव्या संसदेची दारं चक्क प्राण्यांच्या नावानं ओळखली जातात: गज, अश्व, गरुड, मकर, शार्दूल आणि हंस. प्रत्येक दारापाशी त्या त्या प्राण्याचं दगडी शिल्प आहे. त्याच इमारतीच्या माथ्यावर साडेनऊ हजार किलोंचे ब्राँझचे चार सिंह जुलै २०२२ मध्ये बसवले, तेव्हा देशभर वाद झाला. सारनाथचे सिंह शांत आहेत, हे गुरगुरतात, असं टीकाकारांचं म्हणणं. ते घडवणाऱ्या दोघा शिल्पकारांपैकी सुनील देवरे छत्रपती संभाजीनगरचे. त्यांचं उत्तर असं की शिल्प खालून पाहिलं जातं, म्हणून चेहरे तसे वाटतात. कोण बरोबर ते ज्यानं त्यानं ठरवावं. दारातल्या जनावराच्या चेहऱ्यावरून देशभर आठवडाभर चर्चा होते, म्हणजे लोक त्याच्याकडे नुसती सजावट म्हणून बघत नाहीत, एवढं मात्र दिसलं.

मुंबईच्या शेअर बाजाराच्या दारातल्या बैलाची कथा याहून गमतीची आहे. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला हा ब्राँझचा बैल जानेवारी २००८ मध्ये दलाल स्ट्रीटवर आला. त्याच महिन्यात सेन्सेक्सनं आयुष्यात पहिल्यांदा २१ हजारांचा आकडा पाहिला होता. मग २१ जानेवारीला बाजार एका दिवसात १,४०८ अंकांनी आपटला. अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्जांचं कारण वर्तमानपत्रांतून छापून येत होतं, पण दलालांमध्ये बैलाच्या नावानंही बोटं मोडली गेली. बैल काही हलला नाही. बाजार पुढे सावरला, कितीतरी पट चढला आणि आज त्या बैलाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांना तो इतिहास ठाऊकही नसतो.

न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध बैलाची हकीकत आणखी वेगळी. आर्तुरो दी मोदिका या शिल्पकारानं डिसेंबर १९८९ मध्ये कुणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या खर्चानं, रात्रीतून तो शेअर बाजारापुढे आणून ठेवला. पोलिसांनी उचलून नेला. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा जवळच दुसऱ्या जागी तो बसवावा लागला. आपल्याकडे असा बैल ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याला हार पडतील आणि तिसऱ्या दिवशी दानपेटी येईल, ही गोष्ट निराळी.

घारापुरीच्या हत्तीसाठी खरा दाखला मात्र मुंबईतच आहे. ससून कुटुंबानं दिलेला, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा घोड्यावरचा ब्राँझ पुतळा १८७९ मध्ये फोर्टात बसला. राजपुत्राचं नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, घोडा बसला. सगळा भाग काळा घोडा झाला. १९६५ मध्ये पुतळा तिथून काढला आणि ठेवला कुठे, तर याच राणीच्या बागेत. म्हणजे ज्या दोन जनावरांनी आपापल्या ठिकाणांना नावं दिली, ती दोन्ही जागेवरून उठून भायखळ्यात येऊन राहिली. पुढे पन्नासेक वर्षं काळा घोडा घोड्याविनाच होता. तिथं कलामहोत्सव भरत होता, बसचे कंडक्टर त्याच नावानं हाक मारत होते आणि रिकाम्या जागी गाड्या लागत होत्या. शेवटी २०१७ मध्ये श्रीहरी भोसले या शिल्पकाराचा नवा घोडा तिथं आला, वास्तुविशारद अल्फाज मिलर यांच्या आराखड्यावरून. या घोड्यावर स्वार नाही. राजा नको आणि घोडा हवा, हे मुंबईनं किती सहज ठरवलं! जुना पुतळा परत आणायचा हट्ट कुणी धरला नाही, कुणाच्या अस्मितेला ठेच लागली नाही, मोर्चा निघाला नाही. नाव आणि जागा यांची पुन्हा गाठ पडली, बस.

मग हाच न्याय उरणला का नको?

काहीजण म्हणतील, नक्कल कशाला, मूळचाच हत्ती परत आणा. मागणी भावनेला धरून आहे, पण शहाणपणाची नाही. आधीच तुकडे जोडून उभा केलेला दगड पुन्हा क्रेननं उचलायचा, बार्जवर चढवायचा, धक्क्यावर उतरवायचा, यात १८६४ ची पुनरावृत्ती व्हायची धास्ती आहे. शिवाय मूळ वस्तू संग्रहालयात आणि प्रतिकृती दारात, ही पद्धत जगात रुळलेली आहे. शांघायच्या हाँगकाँग बँकेनं १९२३ मध्ये दारात ब्राँझचे दोन सिंह बसवले, एक डरकाळी फोडणारा आणि एक शांत. मूळ जोडी आता शांघायच्या संग्रहालयात आहे आणि बंडवरच्या त्या इमारतीच्या दारात तिच्या प्रती. हाँगकाँगच्या शाखेपुढची १९३५ सालची जोडी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी वितळवायला ओसाकाला नेली होती. सुदैवानं भट्टीत जायच्या आधी युद्ध संपलं, सिंह सापडले आणि १९४६ मध्ये परत दारात आले. लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून त्यांच्या अंगावर आहेत.

आता ब्राँझच का? सिमेंट आहे, फायबर आहे, दोन्ही स्वस्त. पण त्यांचं पुढे काय होतं हे कुठल्याही नगरपालिकेच्या उद्यानात जाऊन पाहावं. रंग उडालेलं हरीण, सोंड तुटलेला हत्ती आणि पोटात कचरा घेऊन आ वासून बसलेला ससा. समुद्राकाठी सिमेंटमधली सळई फुगते आणि वरचा थर फुटून गळतो. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथिल. खाऱ्या हवेत त्याच्यावर हिरवट थर चढतो. निगा राखली, ठरावीक काळानं धुऊन मेणाचा हात दिला, तर तो शतकानुशतकं टिकतो.

निगा हा शब्द मात्र ठळक अक्षरांत लिहायला हवा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्यानं त्याआधी दिलं होतं. दोष ब्राँझचा नव्हे. दोष आतल्या लोखंडाचा, जोडणीचा आणि मुहूर्ताच्या घाईचा. तांब्याचा मिश्रधातू आणि साधं लोखंड खाऱ्या दमटपणात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं, हे ओतकाम करणाऱ्याला शाळेत शिकवावं लागत नाही. घारापुरीच्या हत्तीच्या पोटातला सांगाडा समुद्राला तोंड देणाऱ्या दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा हवा, दोन धातूंमध्ये विलगीकरण हवं, पोटात साठणारं पाणी निघून जायला भोकं हवीत आणि दर पावसाळ्यानंतर तपासणी हवी. हत्तीची एक सोय आहे. चार जाड पाय आणि बुटका घाट असल्यानं वाऱ्याला तो उंच पुतळ्यासारखा तोंड देत उभा राहत नाही.

ओतण्याच्या प्रक्रियेत आपल्याकडच्या शिल्पकारांचा हातखंडा आहे. पूर्वी मूळ शिल्पावर थेट प्लास्टर किंवा रबर चढवून साचा काढत. दुखावलेल्या दगडावर तो प्रयोग आता करायची गरज नाही. लेझर किंवा छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रत घेता येते, दगडाला बोटही न लावता. त्या प्रतीवरून भागाभागांचा साचा, साच्यात मेणाचा पातळ थर, मेणाभोवती भट्टीतला ताप सोसणारं कवच. भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत हजार अंशांहून अधिक तापलेला रस ओततात. थंड झाल्यावर कवच फोडायचं, सगळे भाग वेल्डिंगनं जोडायचे, सांधे छिन्नीनं आणि कानशीनं साफ करायचे आणि आम्लांनी हवा तो रंग चढवायचा. एवढा मोठा हत्ती एका दमात ओतत नाहीत, तुकड्यांतच ओततात. तुकड्यांतून उभं राहणं या हत्तीला नवं नाही.

जागेबद्दल एक आग्रह धरायला हवा. पर्यटकांची जेटी शेतबंदराच्या बाजूला आहे. तिथंच छोटी आगगाडी, तिथंच दुकानं, तिथूनच लेण्यांकडे जाणाऱ्या एकशेवीस पायऱ्या. हत्ती तिथं ठेवला तर सेल्फीचा ठिय्या होईल आणि जेटीची कोंडी आणखी वाढेल. इतिहासाच्या दृष्टीनंही ते चूक, कारण तो राजबंदराला होता. राजबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या वस्त्यांकडे पर्यटक क्वचितच वळतो. हत्ती राजबंदरावर आला, तर चार माणसं तिकडे चालत जातील, वाटेत दोन घरांत जेवण आणि चहा मिळेल आणि लेण्यांच्या बाहेरही बेट आहे हे लोकांना कळेल. याच बेटावर वीज पोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडावं लागलं, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. जगाच्या वारशात नाव लागून तीस वर्षं झाल्यावर घरात बटण दाबून दिवा लागला. अशा गावाला पाणी आधी द्या, हत्ती नंतर, असं कुणी म्हटलं तर त्यात वावगं काही नाही. पण हत्ती न दिल्यामुळे आजवर पाणी लवकर आलं, असंही कुणाला दाखवता येणार नाही.

उरणला प्राण्यांच्या शिल्पांबद्दल थोडं सावध राहायलाही कारण आहे. शेजारच्या नवी मुंबईनं फ्लेमिंगोंचं शहर म्हणून मिरवायला सुरुवात केली, चौकाचौकांत गुलाबी फ्लेमिंगो उभे केले. त्याच काळात उरणच्या पाणजे पाणथळीत भरतीचं पाणी शिरू दिलं जात नाही, अशा तक्रारी घेऊन पर्यावरणप्रेमी सरकारदरबारी हेलपाटे घालताहेत. जिवंत पक्ष्याचं दाणापाणी तोडायचं आणि त्याचं चित्र चौकात लावायचं, ही शिल्पकला नव्हे, जाहिरात आहे. घारापुरीचा हत्ती या आरोपातून सुटतो. तो कुणा जिवंत जनावराच्या बदल्यात येत नाही, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उचलून नेलेल्या एका दगडाच्या जागी येतोय.

या तालुक्यात गेल्या काही वर्षांत दारांना तोटा राहिलेला नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तो येऊन टेकतो चिर्ल्याला. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. बंदर आहे, गोदामं आहेत, पलीकडे विमानतळ. मुंबईचा माणूस पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचनं यायचा, आता गाडीतून वीस मिनिटांत समुद्र ओलांडतो. या सगळ्या दारांतून आत येणाऱ्याला, उरण कुणाचं आणि कधीपासूनचं, हे सांगणारं काहीतरी लागेल. सेतूच्या टोकाला उद्या कुणीतरी भलामोठा आयता सिंह आणून बसवेल, त्याआधी तालुक्यानं स्वतःचं जनावर कोणतं ते ठरवलेलं बरं.

कामाला हात घालायचा तर दारं अनेक ठोठावावी लागतील. हत्ती ज्या आवारात आहे ते मुंबई महापालिकेचं, लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, धक्का मेरीटाइम बोर्डाचा, गाव ग्रामपंचायतीचं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत काही बांधता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, म्हणून मोजणी आधी करून घ्यावी. सुरुवात घारापुरीच्या ग्रामसभेच्या ठरावानं व्हावी. मंत्रालयातून वरून आलेला हत्ती गावाला स्वतःचा वाटणार नाही. ठरावाबरोबर महापालिकेकडे एकच साधी मागणी जावी, ती म्हणजे हत्तीच्या स्कॅनिंगची. त्याला फार पैसे लागत नाहीत आणि उद्या ब्राँझचं गणित जमलं नाही, तरी त्या झिजत्या दगडाची अचूक नोंद हाती राहील.

शिल्पकारापुढे एक कोडं मात्र राहणारच. या हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान आकृती होती. पाईकच्या चित्रात ते हत्तीचं पिल्लू दिसतं. पुढच्या शतकात विल्यम अर्स्किन या अभ्यासकानं नीट तपासलं तेव्हा त्याला तो वाघ वाटला. पिल्लू असेल तर ही आई आहे. वाघ असेल तर हे जंजिऱ्याच्या शरभाच्या कुळातलं शिल्प आहे, हत्तीला नमवणाऱ्या जनावराचं, आणि मग धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाला ते अगदी वेगळं काही सांगत होतं. अंदाजानं एखादी आकृती घडवून बसवण्यापेक्षा पाठ आज आहे तशीच, सांध्यांसकट ओतावी आणि पाईक व अर्स्किन या दोघांचं म्हणणं शेजारच्या फलकावर मराठीत लिहावं. राजबंदरच्या पोरांना त्यावर भांडू द्यावं.